ज्योत पिवळी, गंज काळा, सकाळी वास: गॅसच्या शेगडीत नेमकं काय बिघडतं?

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी दोन बर्नरची स्टीलची शेगडी, सात-आठ वर्षं वापरातली. छोट्या बर्नरची ज्योत पिवळी पडते आणि गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, बूड काळं होतं. मोठा बर्नर पेटवताना कधी कधी ‘भक्क’ आवाज होतो आणि ज्योत आत ओढली जाते. सिलिंडर पूर्वीपेक्षा आठ-दहा दिवस लवकर संपतं. सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं की हलका वास येतो. शेजारी म्हणतात, गॅसमध्ये पाणी मिसळून देतात. तर शेगडी दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

ताई, तुम्ही वास सगळ्यात शेवटी लिहिलात, मी तो आधी घेतो. बाकीच्या तक्रारी आठवडाभर थांबल्या तरी चालेल. वासाचं आजच बघा.

सिलिंडरातल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य थोडंसं मिसळतात. शिवाय हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वरच्या झरोक्यातून निघून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत स्वयंपाकघर एक पायरी खाली असतं आणि झरोका असतो वर, आढ्याजवळ. दिवसा दार उघडं, माणसांची ये-जा चालू, त्यामुळे बारीक गळती कोणाला कळत नाही. रात्री दार लावलं की तीच गळती तासन् तास साचत राहते आणि पहाटे आत जाणाऱ्याला वास येतो. तुमच्या वर्णनावरून मला हाच प्रकार दिसतो.

सिलिंडर संपत आलं की वास थोडा वाढतो हेही खरं आहे. वासाचं ते द्रव्य गॅसच्या मानाने सावकाश उडतं, म्हणून तळाशी राहिलेल्या गॅसमध्ये त्याचं प्रमाण जास्त होतं. पण ‘टाकी संपत आली असेल’ असं म्हणून वास सोडून देऊ नका. साबण लावून बघायला पाच मिनिटं लागतात.

वाटीभर पाण्यात कपड्यांची पावडर घोळून चांगला फेस करा. दोन्ही नॉब बंद, रेग्युलेटर चालू. घरात चूल पेटलेली नको, देव्हाऱ्यात दिवा-उदबत्ती नको. आता ब्रशने किंवा फडक्याने फेस लावत जा: आधी रेग्युलेटर जिथे सिलिंडरवर बसतो तिथे, मग नळीच्या रेग्युलेटरकडच्या टोकाला, मग नळीवर पूर्ण लांबीभर, मग शेगडीत नळी जिथे शिरते तिथे, आणि शेवटी दोन्ही नॉबच्या मागे. जिथे बुडबुडा फुगतो तिथे गळती. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजूनही भेटतात. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला तरी भडका उडायला एक ठिणगी पुरते, त्यामुळे तो उद्योग चुकूनही नको.

बुडबुडा रेग्युलेटरपाशी आला तर रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडात बघा. आत काळी रबरी रिंग असते. ती चिरलेली, चेपलेली किंवा नसलेलीच असेल तर गॅस तिथून निसटतो. लगेच प्लास्टिकची टोपी लावा आणि एजन्सीला कळवा. रिंग बसवणं हे त्यांचं काम आहे. सायकलच्या ट्यूबचा काप काढून बसवलेली रिंग मी पाहिली आहे. तसलं काही करू नका. टोपी सिलिंडरला दोऱ्याने बांधलेली असते ती ह्याच वेळेसाठी. तिच्यावर लेकरं भोवरा खेळत असतील तर काढून घ्या.

रिंग ठीक असून गळती चालू असेल तर दोष रेग्युलेटरमध्ये. रेग्युलेटर उघडून दुरुस्त करायची वस्तू नाही, मीही उघडत नाही. जोडणी घेताना मिळालेलं व्हाउचर घेऊन एजन्सीत जा आणि बदलून मागा. त्या कागदावर रेग्युलेटरचा नंबर असतो, म्हणून तो जपून ठेवावा.

खेड्यात सगळ्यात जास्त गळती मात्र नळीतच सापडते, आणि तिचं कारण उंदीर. सोयाबीन, तूर घरात आली की पोत्यांच्या थप्पीमागे उंदीर येतात आणि पोती बहुधा सिलिंडरच्या बाजूलाच रचलेली असतात. साधी रबरी नळी ते एका रात्रीत कुरतडतात. नारंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळी त्यांना सहज जमत नाही. तिच्यावर आयएसआयचा शिक्का आणि तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की ती बदलायची, वरून चांगली दिसली तरी. नळी नॉझलवर चढत नाही म्हणून टोक मेणबत्तीवर तापवून चढवतात. त्याने रबर कडक होतं आणि पुढे तिथेच चिरतं. दोन तुकडे जोडलेली नळी, भिंतीतून आरपार नेलेली नळी, शेगडीच्या बुडाखालून गेलेली नळी, ह्यातलं काहीही दिसलं तर आधी तेच सुधारा.

बुडबुडा नॉबच्या मागे आला तर दोष कॉकमध्ये, म्हणजे तिथल्या पितळी तोटीत. त्याबद्दल पुढे सांगतो. तोवर ती शेगडी वापरू नका.

रात्री अंधारात जोराचा वास आला तर काय? दिवा लावायचा नाही, आणि लागलेला असेल तर बंदही करायचा नाही. बटणात दोन्ही वेळेला ठिणगी पडते. दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करून काढायचा, टोपी लावायची, जमलं तर सिलिंडर उभंच उचलून अंगणात न्यायचं. चुलीत विस्तव असेल किंवा वास फारच असेल तर हे काहीच न करता घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं. लांब गेल्यावर १९०६ ला फोन करा. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आणि रोज झोपताना नुसता नॉब बंद करून चालत नाही, रेग्युलेटरही बंद करायचा.

आता पिवळी ज्योत. शेजाऱ्यांची पाण्याची गोष्ट इथेच मिटवू. गॅसमध्ये पाणी विरघळत नाही. कोणी घातलंच तर ते टाकीच्या तळाशी पडून राहील आणि गॅस वरून निघत राहील, ज्योतीचा रंग बदलणार नाही. संशय असेल तर टाकी संपल्यावर तिचं वजन करा. प्रत्येक सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, बहुधा १५-१६ किलोच्या आसपास. ‘संपलेली’ टाकी त्यापेक्षा दोन-तीन किलो जड भरली तर आत काहीतरी शिल्लक आहे आणि तुमची तक्रार पक्की. माझ्याकडे येणाऱ्या पिवळ्या ज्योतीच्या शेगड्यांमध्ये मात्र दोष सिलिंडरात नसतो. तो जेट ते बर्नर ह्या वीतभर अंतरात असतो.

तिथे काय घडतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे अर्ध्या तक्रारी तुमच्या तुम्हालाच सोडवता येतील. सिलिंडरातला दाब उन्हाळ्यात, हिवाळ्यात कमी-जास्त होत राहतो, पण रेग्युलेटर तो उतरवून शेगडीला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम इतकाच देतो. तो गॅस पितळी जेटच्या केसाएवढ्या भोकातून जोरात सुटतो आणि समोरच्या मिक्सिंग नळीत शिरताना आजूबाजूची हवा ओढून घेतो. नळीत दोन्ही मिसळतात आणि बर्नरच्या भोकांतून बाहेर येऊन जळतात. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी, आतला शंकू ठसठशीत. हवा कमी पडली किंवा गॅस जास्त झाला की ज्योत पिवळी, लांब, लोळणारी. त्या पिवळ्या भागात कार्बन पूर्ण जळत नाही, तोच गंजाच्या बुडाला काजळी होऊन बसतो. बंद खोलीत अशी ज्योत तासभर जळत राहिली तर कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. पौष महिन्यात दारं लावून आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

निळ्या ज्योतीत अधूनमधून केशरी ठिणग्या उडणं वेगळं. हवेतली धूळ, पीठ, मीठ जळालं की तसं दिसतं. झाडझूड झाल्यावर किंवा डाळ उतू गेल्यावर दिसेल, पाच मिनिटांत जाईल. त्याची काळजी नको.

हवा कमी का पडते? आपल्याकडे पहिलं कारण मिक्सिंग नळीतला कचरा. ज्वारीची भाकर तव्यावरून उचलून थेट ज्योतीवर फुगवली की पीठ खाली झडतं. फोडणीचं तेल उडतं, त्यावर पीठ चिकटतं. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गावोगाव सिलिंडर पोचलं, पण पऱ्हाटीची चूल बहुतेकांच्या घरात तशीच राहिली, तीही शेगडीच्या शेजारी. चुलीची राख आणि काजळी त्या नळीत ओढली जाते. शेगडी महिना-दोन महिने बंद राहिली तर नळीत कोळी जाळं करतो. कुंभारमाशीने मातीचं घर बांधून नळी पार बुजवलेली शेगडीही मी उघडली आहे. कामासाठी बाहेरगावी गेलेलं कुटुंब परत आलं की हमखास अशी शेगडी येते.

हे घरी साफ करता येतं. रेग्युलेटर बंद करा, शेगडी पूर्ण थंड होऊ द्या. बर्नर उचलून काढा. छोट्या बाटल्या धुवायचा ब्रश मिक्सिंग नळीत वरून घालून फिरवा, मग शेगडी उलटी-तिरकी करून झटका. नळी शेगडीच्याच अंगात पक्की असेल तर तिच्यात पाणी ओतू नका. बर्नर तेवढे गरम साबणपाण्यात अर्धा तास भिजत घाला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा. पितळी असतील तर चिंचेने चकाकतील, पण चकाकीशी ज्योतीचा संबंध नाही, भोकं मोकळी झाली की झालं. मग वाळवा. इथेच घाई होते. बर्नरच्या पोटात पाण्याचा थेंब राहिला तरी ज्योत फडफडते, पिवळी होते आणि मग शेगडी बिघडली म्हणून बोंब. आपल्याकडे उन्हाची कमी नाही, दुपारभर अंगणात पालथे ठेवा. थंडी-पावसात कोरड्या तव्यावर मंद तापवून घ्या.

काही शेगड्यांना मिक्सिंग नळीच्या तोंडाशी हवेची खिडकी कमी-जास्त करायचं शटर असतं. ते सरकून बंद झालं असेल तर ज्योत पिवळी होते. हळूहळू उघडत जा, निळी झाली की थांबा. जास्त उघडलं तर ज्योत बर्नर सोडून वर उचलली जाते आणि सूं सूं आवाज करते. मग थोडं मागे घ्या.

आता जेट, आणि जेटवर मी जरा जास्त बोलणार आहे. ज्योत कमी झाली की घरात पहिली शिवणाची सुई निघते. सुई पोलादाची, जेट पितळेचा. सुई घालून फिरवली की जेटचं भोक मोठं तरी होतं नाहीतर वाकडं तरी. भोक जराही मोठं झालं की गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, ज्योत पिवळी होते आणि टाकी लवकर संपते. वाकडं झालं तर गॅसची धार नळीच्या मधोमध न जाता बाजूच्या भिंतीवर आदळते, हवा ओढलीच जात नाही. तुमच्या छोट्या बर्नरचा रोग आणि लवकर संपणारं सिलिंडर, दोन्ही एकाच कारणाचे असू शकतात ते असे. त्या शेगडीला कोणी सुई लावली होती का, घरात विचारून बघा. आठवडी बाजारात बसणारे काही मेकॅनिकसुद्धा ‘ज्योत मोठी करून देतो’ म्हणत मुद्दाम भोक वाढवतात. बायामाणसं खूश होतात, दोन महिन्यांनी टाकीचा हिशेब लागत नाही.

जेट खरंच तुंबला असेल तर विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घ्या, भोकापेक्षा बारीक, आणि हलकेच आत-बाहेर करा. तांबं मऊ असतं. सायकलच्या पंपाची हवा मारली तरी पुष्कळदा काम होतं, त्यासाठी मात्र जेट खोलावा लागतो. बिघडलेला जेट दुरुस्त होत नाही, बदलायचा. स्वस्त असतो.

दोन जेट एकसारखे नसतात. छोट्या बर्नरचं भोक लहान, मोठ्याचं मोठं. दोन्ही एकदम खोलून साफ केले आणि परत लावताना अदलाबदल झाली तर छोटा बर्नर पिवळा भडकतो आणि मोठा मंद मंद जळतो. ताई, तुमचा मोठा बर्नर मंदही वाटत असेल तर आधी हेच तपासून घ्या.

ह्याच जातीचा आणखी एक घोटाळा हल्ली वाढलाय. पोरगा पुण्या-मुंबईला, त्याच्या घरी पाइपचा गॅस आला, जुनी चांगली शेगडी गावी आई-बाबांना दिली. पाइपच्या गॅससाठी शेगडीचे जेट बदलून मोठ्या भोकाचे लावलेले असतात. त्या शेगडीला आपलं सिलिंडर जोडलं की हातभर पिवळ्या ज्वाळा. शेगडी चांगली असते, फक्त जेट सिलिंडरचे लावायचे. ते लावेपर्यंत ती पेटवायची नाही. गोबरगॅसच्या शेगडीचंही तेच, तिला सिलिंडर कधीही जोडू नका.

आणि भांडी काळी होण्याचं एक साधं कारण राहून जातं: वरची जाळी. जाळी तुटली, वाकली किंवा दुसऱ्या शेगडीची बुटकी जाळी बसवली की भांडं ज्योतीच्या फार जवळ येतं. आतला निळा शंकू थंड बुडाला टेकला की ज्योत तिथेच विझल्यासारखी होते आणि काजळी धरते. शंकूचं टोक बुडाच्या थोडं खाली राहिलं पाहिजे. खाली वाकून एकदा बघाच.

आता मोठ्या बर्नरचं ‘भक्क’. ह्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नॉब आधी उघडला, काडी नंतर सापडली, मधल्या वेळात गॅस साचला आणि पेटताना भक्क झालं, हा शेगडीचा दोष नाही. काडी किंवा लायटर आधी हातात घ्यायचा. पण पेटल्यावर ज्योत बर्नरच्या भोकांवर न राहता आत, जेटपाशी जाऊन घूं घूं आवाज करत जळत असेल तर तो खरा दोष. लगेच नॉब बंद करा, पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या. तशीच जळत ठेवली तर मिक्सिंग नळी तापते, तिच्या मागचा कॉक तापतो आणि त्याचं ग्रीस जळतं.

ज्योत आत का जाते? भोकांतून गॅस बाहेर पडायचा वेग ज्योतीच्या मागे सरकायच्या वेगापेक्षा कमी पडला की. तो कमी पडतो बर्नर नीट बसला नसेल तर (बर्नरच्या बुडाशी खाच असते, ती बसेपर्यंत फिरवायचा), जेट तुंबून गॅस कमी येत असेल तर, टाकी अगदी संपत आली असेल तर, आणि बर्नरची भोकं मोठी झाली असतील तर. भोकं मोठी होतात कशी? इथेही तीच कथा, फक्त सुईच्या जागी खिळा. लोखंडी बर्नर असला तर गंजून पापुद्रे निघतात आणि भोकं आपोआप रुंदावतात. असा बर्नर कितीही घासा, ज्योत आत जाणारच. नवा बर्नर घ्या, पण जुना सोबत नेऊन बूड मिळवून घ्या. सैल बसणारा बर्नर पहिल्यापेक्षा जास्त त्रास देतो. पत्र्यासारखे पातळ पितळी बर्नर बाजारात स्वस्त मिळतात, एका उन्हाळ्यात वाकतात. हातात जड लागणारा घ्या.

सिलिंडर लवकर संपण्याबद्दल. घेताना वजन करून घ्या, तो तुमचा हक्क आहे. टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन अधिक १४.२ किलो इतकं भरलं पाहिजे. सोबत टाकीच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यापैकी एक अक्षर आणि वर्षाचे आकडे असतात ते वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. टाकीची पुढची तपासणी त्या तिमाहीपर्यंत व्हायला हवी. ती उलटून गेली असेल तर टाकी परत करा. टाकी किती उरली हे बघायला ओल्या फडक्याने ती वरून खाली पुसा. वरचा भाग लवकर वाळतो, खाली जिथपर्यंत पातळ गॅस आहे तिथपर्यंत ओल जरा जास्त वेळ टिकते. टाकी आडवी पाडून, हलवून किंवा गरम पाण्यात ठेवून ‘शेवटचा गॅस’ काढायचा प्रकार बंद करा. आडव्या टाकीतून पातळ गॅस थेट रेग्युलेटरमध्ये घुसतो. आणि उन्हाळ्यात टाकीतला गॅस उडून जातो ही समजूत खोटी आहे. उडत असेल तर ती गळती, आणि मग वर सांगितलेला साबण.

उन्हाळ्यावरून कूलर आठवला. चैत्र-वैशाखात बाजूच्या खोलीत कूलर धो धो चालतो आणि त्याचा झोत स्वयंपाकघरात शिरतो. ज्योत एका बाजूला झुकते, अर्धी उष्णता भांड्याला लागतच नाही, आणि सिमवर ठेवलेली तर न कळत विझते. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांत ज्योत विझली की गॅस आपोआप बंद व्हायची सोय नसते. दूध सिमवर ठेवून दाराशी गप्पा मारत बसू नका, किंवा तेवढा वेळ मधलं दार लोटून घ्या.

कॉक म्हणजे नॉबच्या मागची पितळी तोटी. आत निमुळता पितळी दट्ट्या ग्रीसवर फिरतो. ग्रीस वाळलं की नॉब कडक होतो, मग सांडशीने पिळतात आणि नॉब तोडतात. काही जण खोबरेल सोडतात. तेलाने चार दिवस नॉब लोण्यागत फिरतो, मग तेल जळून चिकट होतं, ग्रीस धुऊन जातं आणि तिथूनच गळती सुरू होते. उष्णता सोसणारं खास ग्रीस लागतं आणि हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. त्याच्यावरही लक्ष ठेवा: प्रत्येक दट्ट्या त्याच्याच घरात घासून बसवलेला असतो. दोन्ही कॉक एकदम उघडून दट्ट्यांची सरमिसळ केली तर दोन्ही गळतात. बर्नर पेटलेला असताना नॉबच्या मागे बारीकशी निळी ज्योत दिसली तर थेट रेग्युलेटर बंद करा.

ऑटोमॅटिक शेगडीची ठिणगी पडत नसेल तर आधी ती ओली आहे का बघा. धुतल्यावर दिवसभर रुसते. ठिणगीच्या काडीच्या टोकावरची काजळी पॉलिश पेपरने काढा. टोक आणि बर्नर यांत तीन ते पाच मिलीमीटर अंतर हवं. सेलवाली असेल तर सेल बदला. तरीही नाही पडली तर लायटर आहेच, त्यापायी खर्च करू नका.

काचेच्या शेगडीबद्दल माझं मत विचाराल तर, आपल्या स्वयंपाकाला ती सोसत नाही. पाहुणे आले की दोन्ही बर्नर झाकेल एवढा गंज चढतो, उष्णता खाली दबते, काच तापते, वरून थंड पाणी सांडलं की तडकते. सणावाराला मोठा स्वयंपाक होणाऱ्या घरात स्टीलचीच घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, दुरुस्त की नवी. सात-आठ वर्षं म्हणजे चांगल्या स्टीलच्या शेगडीला काही वय नाही. ती उलटी करून बुडाशी जाणारा गॅसचा आडवा पाइप बघा. त्याला गंजाचे खड्डे पडले असतील किंवा ग्रीस भरूनही कॉक गळत असेल तर नवी घ्या. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४२४६ हा आकडा बघून घ्या. त्या मानकाप्रमाणे शेगडीने गॅसच्या उष्णतेपैकी किमान ६८ टक्के भांड्याला द्यावी लागते. पाइप आणि कॉक ठीक असतील तर दोन जेट, एक बर्नर, एक नळी आणि ग्रीस एवढ्यात तुमचं काम व्हायला हरकत नाही. नवीच्या किमतीपुढे हा खर्च थोडा आहे.

मेकॅनिक बोलावलात तर काढलेले जुने जेट स्वतःकडे मागून घ्या, नाहीतर तेच पुसून परत लागतात. काम झाल्यावर सगळ्या जोडांना त्याच्याकडूनच साबण लावून घ्या. मग मोठा बर्नर फुल आणि छोटा सिमवर, दोन्ही एकदम पेटवायला सांगा आणि पाच मिनिटं तसेच राहू द्या. सिम विझला नाही, दोन्ही ज्योती निळ्या राहिल्या, मोठ्याचा नॉब खटकन बंद केल्यावरही छोटा तसाच जळत राहिला, मग पैसे द्या.